न पाहतां घेतलेली करवत

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या पुतण्यानें घरबसल्या, मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवून, विजेवर चालणारी एक गोल करवत मागविली. तिसऱ्या दिवशीं ती पुठ्ठ्याच्या खोक्यांतून दारांत येऊन दाखल झाली. आमच्या घरीं त्या वेळीं कपाटांचें काम चाललें होतें. तें करणारे वृद्ध सुतार गेलीं तीस वर्षें आमच्याकडे येत असून सारें घर त्यांस मिस्त्री म्हणूनच ओळखतें. मिस्त्रींनीं करवत बाहेर काढली, उलटीसुलटी करून पाहिली, पात्यावर नखानें टिचकी मारली, आणि विचारलें, "ही पाहून कोणीं घेतली?"

"मिस्त्रीकाका, पाहायची गरजच नाहीं. चार हजार लोकांनीं हिला चांगली म्हटलें आहे."

"चार हजार? त्यांतले सुतार किती?"

पुतण्या हंसला, आम्हीहि हंसलों. परंतु प्रश्न कांहीं डोक्यांतून जाईना. जी वस्तु कधीं हाताळली नाहीं ती, ज्याचें तोंड कधीं पाहिलें नाहीं अशा विक्रेत्याकडून, ज्यांचीं नांवें ठाऊक नाहींत अशा लोकांच्या शब्दावर विकत घ्यावी, हा व्यवहार आज इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आमचा पेशा इतिहास शिकविण्याचा असल्यामुळें आम्हांस तें येणें प्राप्तच होतें. हा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा असून त्याचा बराचसा भाग अमेरिकेंत घडलेला आहे.

करवत ही मुळांत हाताळून घेण्याची वस्तु. जुना सुतार दुकानांत गेला म्हणजे पातें दोन्ही टोकांस धरून धनुष्यासारखें वांकवी व सोडून देई. पातें तत्काळ सरळ झालें तर पोलाद चांगलें, किंचितहि बांक राहिला तर ती करवत तो बाजूस सारी. मग टिचकी मारून तिचा नाद ऐके. मग एक डोळा मिटून दांतांच्या ओळीवरून नजर टाकी; कारण करवतीचे दांत एकाआड एक डावीकडे व उजवीकडे जरासे वांकविलेले असतात, त्यामुळें पडणारी चीर पात्याच्या जाडीहून रुंद होते आणि पातें लांकडांत अडकत नाहीं. हें वांकणें सारखें नसलें तर करवत रेघ सोडून भरकटते. लांकूड उभें चिरावयाचें कीं आडवें कापावयाचें, यावरहि दांतांचा आकार अवलंबून असतो. ह्यांतली एकहि गोष्ट चित्रांत दिसत नाहीं, आणि शब्दांत सांगितली तर ऐकणाऱ्यानें ती खरी मानावी लागते.

पाहून घेण्याच्या ऐवजीं नांवावर घेणें ही पहिली पायरी होय. हेन्री डिस्टन हा लहानपणीं इंग्लंडांतून अमेरिकेंत आलेला कारागीर. त्यानें १८४० सालीं फिलाडेल्फिया येथें करवतींचा कारखाना काढला. त्या काळीं अमेरिकन सुतारांची सारी श्रद्धा शेफील्डच्या इंग्रजी मालावर असे, व देशी करवत हातीं धरावयास ते नाखूष असत. डिस्टननें पुढें आपलें पोलादहि आपणच ओतावयास आरंभ केला, आणि कालांतरानें पात्यावर कोरलेलें त्याचें नांव हीच मालाची परीक्षा होऊन बसली. टिचकीचें काम नांव करूं लागलें. तरीहि नांव वाचावयाचें तें दुकानांत उभें राहून, आणि पातें वांकवून पाहण्याची मोकळीक होतीच.

यांत्रिक करवतीचा जन्म ह्याहून जुना आहे. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यानें १७७७ सालीं घेतलेल्या पेटंटांत गोल पात्याचा उल्लेख सांपडतो. अमेरिकेंत हा मान शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट नांवाच्या बाईस देण्याची चाल आहे: दोन पुरुष मोठी करवत पुढेंमागें ओढीत आहेत आणि त्यांची निम्मी मेहनत फुकट जात आहे, हें पाहून १८१३ च्या सुमारास तिला चरख्याच्या चाकावरून गोल करवतीची कल्पना सुचली, अशी ती कथा. कथा गोड आहे, आणि खरी असती तर आम्हांस आनंदच वाटला असता. परंतु मिलरचें पेटंट तिच्या छत्तीस वर्षें आधींचें, आणि पोर्टस्मथच्या आरमारी गोदींत तोंपर्यंत वाफेच्या बळावर गोल करवती फिरूं लागल्या होत्या. जहाजांच्या दोरखंडांस लागणाऱ्या लांकडी कप्प्या तेथें यंत्रांवर होत. मार्क ब्रुनेलच्या आंखणीवरून हेन्री मॉडस्लेनें तीं यंत्रें घडविलीं. १८०८ सालीं तेथें १,३०,००० कप्प्या निघाल्या, आणि पूर्वीं एकशें दहा कुशल कारागीर जें काम करीत तें दहा साधे मजूर करूं लागले. ह्या शेवटच्या आंकड्यांत शंभर घरांची हकीगत दडलेली आहे. पण तिला वेगळा लेख पाहिजे. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, अशा करवतीचा गिऱ्हाईक म्हणजे सरकार किंवा गिरणीमालक. तो तज्ज्ञ पाठवून माल पारखून घेई. साध्या गृहस्थाचा तिच्याशीं संबंध येण्यास अजून शंभर वर्षांहून अधिक काळ जावयाचा होता.

त्या अवधींत दुसरीच एक गोष्ट घडली. १८७२ सालीं शिकागो शहरांत ॲरन माँटगॉमेरी वॉर्ड नांवाच्या फिरत्या विक्रेत्यानें एका कागदावर १६३ वस्तूंची यादी छापून ती शेतकऱ्यांस टपालानें धाडली. आदल्या वर्षींच्या शिकागोच्या प्रचंड आगींत त्याचा पहिला माल जळून गेला होता, तरी त्यानें हिय्या सोडला नाहीं. खेड्यापाड्यांतून हिंडल्यामुळें त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती: गांवांत दुकान एकच, दुकानदार सांगेल ती किंमत, आणि उधारीचें जूं मानेवर, ह्या स्थितीस शेतकरी विटला होता. आपल्याकडील वाचकांस हें चित्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. वॉर्डनें शेतकऱ्यांच्या ग्रेंज नामक संघटनेशीं संधान बांधलें. परंतु त्याचा खरा पराक्रम १८७५ सालचा. माल पसंत न पडल्यास पैसे परत, असें त्यानें जाहीर केलें. न पाहतां विकणाराला जो अडसर होता तो ह्या एका वाक्यानें दूर झाला. तुम्हीं वस्तु आधीं पाहूं शकत नाहीं ना? मग नंतर पाहा. पारख रद्द झाली नाहीं, ती खरेदीच्या पलीकडे ढकलली गेली. आमच्या मतें व्यापाराच्या इतिहासांत ह्या वाक्याची योग्यता एखाद्या यंत्राच्या शोधाहून कमी नाहीं.

वॉर्डच्या मागून सीअर्स आला. मिनेसोटा संस्थानांतील एका लहानशा स्टेशनावर रिचर्ड सीअर्स हा रेल्वेचा नोकर होता. १८८६ सालीं तेथल्या सराफानें नाकारलेलें घड्याळांचें एक पार्सल त्याच्या हातीं आलें, तीं घड्याळें त्यानें विकून टाकलीं, आणि १८९३ पर्यंत सीअर्स, रोबक आणि कंपनी ह्या नांवाचा व्यापार शिकागोंत उभा राहिला. सीअर्स लिहिण्यांत मोठा वस्ताद. त्याच्या सूचिपत्रांतलें वर्णन वाचून मनुष्याला गरज नसलेली वस्तुहि हवीशी वाटे, आणि कित्येकदां खोक्यांतून निघालेली वस्तु त्या वर्णनाला पुरी पडत नसे. १८९५ सालीं भागीदार झालेल्या ज्यूलियस रोझेनवाल्डनें ह्या लेखणीला लगाम घातला, आणि १९११ सालीं कंपनीनें माल तपासण्यासाठीं स्वतःची प्रयोगशाळा काढली. गिऱ्हाइकाच्या वतीनें टिचकी मारणारा मनुष्य आतां विक्रेत्याच्याच पगारावर नेमला गेला. ही सोय होती कीं सोंग, याचा निकाल सूचिपत्र वाचून लागण्यासारखा नव्हता. कंपनी माल परत घेते कीं नाहीं, यावरूनच तो लागे. ती घेत असे.

पोस्टानेंहि हात दिला. खेड्यांत घरपोंच टपाल १८९६ पासून सुरू झालें. पण पोस्ट चार पौंडांवर वजनाचें पुडकें घेत नसे, त्यामुळें हातकरवत टपालानें येई आणि जड माल मालगाडीनें किंवा खासगी कंपन्यांच्या मनमानी दरानें. १ जानेवारी १९१३ रोजीं पार्सल पोस्ट सुरू झालें आणि ही अडचण सरली. गांवोगांवचे दुकानदार चवताळले. कांहीं गांवांत त्यांनीं सूचिपत्रांच्या होळ्या केल्या. त्यांचा स्वार्थ उघड होता, त्याबद्दल त्यांची थट्टा करणें सोपें आहे, आणि अमेरिकन ग्रंथकारांनीं ती पोटभर केलीहि आहे. तथापि त्यांच्या आरडाओरडींत एक खरा शब्द होता. करवत विकणारा गांवचा दुकानदार ती घेणाराला ओळखत असे. ती कोणत्या लांकडाला चालेल, धार कोणाकडून लावून घ्यावी, कोणाच्या हातीं ती देऊं नये, हें तो किंमतींतच सांगत असे. सूचिपत्रांत किंमत उतरली तेव्हां हें सांगणेंहि उतरलें.

ह्या काळांतली एक मौज सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९०८ ते १९४० पर्यंत सीअर्स कंपनी सूचिपत्रांतून घरेंच्या घरें विकीत असे. तुळया, फळ्या, दारें, खिळे, सारें सामान आगगाडीनें येई. पुढें पुढें तर प्रत्येक तुकडा कारखान्यांतल्या यंत्रकरवतीवर मापाप्रमाणें कापून, वर क्रमांक घालून येऊं लागला. अशीं सत्तर हजारांवर घरें विकलीं गेलीं असा अंदाज आहे, व त्यांतलीं पुष्कळ अजून उभीं आहेत. गृहस्थाला यांत्रिक करवत मिळण्यापूर्वीं तिचें काम त्याच्या दारीं येऊन पोंचलें तें असें.

आपल्याकडे हिंदुस्थानांत ह्याच प्रश्नाला पोस्टानें निराळें उत्तर दिलें. १८७७ सालीं व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपली व्ही. पी., सुरू झाली. पैसे आधीं पाठवावयाचे नाहींत. पोस्टमन पुडकें घेऊन आला म्हणजे त्याच्या हातीं द्यावयाचे. 'व्ही. पी. नें मागवा' हे शब्द मराठी मासिकांच्या कोणत्याहि जुन्या अंकाच्या शेवटच्या पानांवर सांपडतील. युक्ति नामी खरी. पण सूक्ष्म पाहिलें तर ती विकणाराला राखते, घेणाराला नव्हे. पुडकें फोडण्यापूर्वीं पैसे मोजावे लागत. आंत काय आहे याची जोखीम शेवटपर्यंत घेणाराच्या माथीं. वॉर्डचें वचन पुडकें फोडल्यानंतर लागू होई, व्ही. पी. तेथेंच संपे. तरीहि दुरून माल विकणाराला माणसाचा विश्वास आधीं मिळवावा लागतो, हें आपल्याकडे ज्यांनीं ओळखलें त्यांत किर्लोस्करांचें नांव पहिलें घेतलें पाहिजे. लक्ष्मणरावांनीं लोखंडी नांगर काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल ह्या भीतीनें शेतकरी त्याला शिवेनात. १९२० सालीं निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही प्रथम मालाची माहिती घरोघर पोंचविण्यासाठींच होती. तिचेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें. मराठी वाङ्मयाचें एक अंग मालाच्या जाहिरातींतून फुटलें, हें आम्हां प्राध्यापक मंडळींना आवडो वा न आवडो.

आतां करवत घरांत शिरते. १९२० नंतरच्या पांचसहा वर्षांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनीं तिला लहान केली. रेमंड डीवॉल्टनें १९२२ सालीं मेजावर आडव्या दांड्याला टांगून पुढें ओढावयाची करवत बनविली. एडमंड मिशेल नांवाच्या गृहस्थास अमेरिकेच्या दक्षिण भागांत ऊस तोडणारे मजूर पाहून कोयत्यालाच मोटर जोडण्याची कल्पना सुचली. तींतून १९२४ च्या सुमारास हातांत धरून चालविण्याची विजेची गोल करवत निघाली, व स्किलसॉ हें नांव प्रसिद्धीस आलें. ज्या यंत्रानें सुताराची करवत मागें पडली त्याचें मूळ उसाच्या फडांतल्या कोयत्यांत असावें, ही गोष्ट आमच्या कोल्हापूर-सांगलीकडील वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सीअर्सनें १९२७ सालीं आपल्या हत्यारांस क्राफ्ट्समन हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन मध्यमवर्गाला घरची डागडुजी स्वतः करण्याचा छंद जडला, आणि पूर्वीं वखारींत किंवा गिरणींत असलेली करवत गृहस्थाच्या मोटारखान्यांत जाऊन बसली. सूचिपत्रांत ती शिवणयंत्राच्या आणि सायकलीच्याच दिमाखानें छापली जाई.

येथें एक मोठा भेद पडला, आणि तो त्या वेळीं फार थोड्यांच्या ध्यानांत आला. हातकरवत वाईट निघाली तर पैसे जातात आणि फळी बिघडते. मिनिटाला कित्येक हजार फेरे घेणारें पातें वाईट निघालें, किंवा चांगलें असून घेणाराला तें चालवितां आलें नाहीं, तर जें जातें त्याची किंमत सूचिपत्रांत छापतां येत नाहीं. लांकूड मागच्या बाजूनें मिटून पात्याला आवळतें, पातें क्षणभर अडतें, आणि सारें यंत्र उसळून धरणाराच्या अंगावर येतें. जाणता सुतार ह्या क्षणाची वाट पाहतच काम करतो. बाजूला उभा राहतो, चीर मिटूं नये म्हणून पाचर मारतो. हें शिक्षण खोक्यांतून येत नाहीं. १९५८ ते १९९२ पर्यंत विकलेल्या क्राफ्ट्समन नांवाच्या सुमारें ३७ लाख आडव्या दांड्याच्या करवतींचें सबंध पातें झांकणारें गार्ड नव्हतें. त्या बनविणाऱ्या एमर्सन कंपनीनें अमेरिकन सरकारच्या ग्राहकरक्षण मंडळाच्या सहकार्यानें २००० सालीं नवें गार्ड देण्याची किंवा कांहीं रक्कम परत करण्याची व्यवस्था केली. पैसे परत मिळतील, हें वचन १८७५ सालीं पुरेसें होतें. बोट परत मिळेल, असें वचन कोणीहि देऊं शकत नाहीं.

सीअर्सनें आपलें जाडजूड सूचिपत्र १९९३ सालीं बंद केलें. त्याचें छापणें आणि पाठविणें आतां परवडत नाहीं, असा हिशेब. पुढच्याच वर्षीं ॲमेझॉन ही कंपनी स्थापन झाली. तिनें १९९५ सालीं इंटरनेटवर पुस्तकें विकावयास आरंभ केला, आणि नोव्हेंबर १९९९ मध्यें उत्तर डकोटांतल्या टूल क्रिब ऑफ द नॉर्थ ह्या हत्यारांच्या दुकानाचा सूचिपत्रांचा व इंटरनेटवरचा व्यापार विकत घेऊन ती करवती विकूं लागली. म्हणजे नव्या युगाच्या दुकानानें आपली हत्यारांची शाखा जुन्या सूचिपत्राच्या खांद्यावरच उभी केली. इकडे सीअर्सनें क्राफ्ट्समन हें नांव २०१७ सालीं विकलें, आणि १८ च्या ऑक्टोबरांत दिवाळें काढलें. पंचवीस वर्षें धीर धरला असता तर काय झालें असतें, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु इतिहासकारानें असले मोह आवरावे.

नव्या दुकानानें एक गोष्ट मात्र खरोखर नवी आणली. नांव, वर्णन, हमी, प्रयोगशाळा हे सारे विक्रेत्याचे साक्षीदार. आतां घेणाराचा साक्षीदार म्हणून दुसरे घेणारे उभे राहिले. कल्पना लोकशाहीची आहे आणि ती आम्हांस मनापासून आवडते. म्हणूनच पुतण्यानें घेतलेल्या करवतीवरचे शंभर-सवाशें अभिप्राय आम्हीं एका संध्याकाळीं नेटानें वाचून काढले. बहुतेकांनीं पुडकें वेळेवर आल्याबद्दल संतोष व्यक्त केला होता. कित्येकांनीं खोकें छान असल्याचें लिहिलें होतें. एकानें ती वडिलांस भेट दिली, ते खूष झाले. सहा महिने वापरून लिहिणारे चारच. त्यांपैकीं दोघांनीं पातें बदलावयास सांगितलें होतें. हीं माणसें खोटीं नव्हेत; तीं साक्ष भलत्याच गोष्टीची देत आहेत. खोटी साक्ष देणारेहि आहेतच, आणि त्यांचा बाजार इतका वाढला कीं २०२४ सालीं अमेरिकन सरकारला विकतच्या अभिप्रायांविरुद्ध नियम करावा लागला.

यंत्रालाच शहाणें करण्याचा प्रयत्नहि झाला आहे. स्टीव्ह गॅस ह्या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलानें १९९९ च्या सुमारास अशी करवत योजिली कीं पात्याला मांसाचा स्पर्श होतांच विजेच्या प्रवाहांत पडणारा फरक ओळखून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा दांतांत घुसावा आणि पातें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत थांबावें. बोटाच्या जागीं सॉसेज धरून त्यानें तें दाखविलें. मोठ्या कारखानदारांनीं ही युक्ति घेतली नाहीं, तेव्हां त्यानें सॉस्टॉप नांवाची स्वतःची कंपनी काढून २००४ पासून अशा मेजकरवती विकावयास सुरुवात केली. त्या महाग आहेत. पुतण्याच्या यादींत, किंमत कमी ते जास्त अशी लावल्यामुळें, त्यांचें नांवहि दिसण्याचा संभव नव्हता.

मिस्त्रींचा बेत आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळला. करवत फळीखालीं उलटी बसवावयाची, पात्यापुरती फट पाडावयाची, खालचें स्प्रिंगचें गार्ड तारेनें मागें बांधून टाकावयाचें, म्हणजे स्वस्तांत मेजकरवत तयार. अशी करवत ज्यानें पाहिली नाहीं त्यानें आपल्या शहरांत कधीं फर्निचरचें काम पाहिलें नाहीं असेंच म्हणावें लागेल. खोक्यांत बारीक इंग्रजी अक्षरांची एक पुस्तिका होती. तीस वर्षें इंग्रजी पुस्तकें वाचून दाखविण्यांत घालविलीं, तेव्हां हेंहि वाचूं, असें म्हणून आम्ही ती घेऊन बसलों व वाक्यागणिक मराठींत सांगूं लागलों. मिस्त्री पाट्यावर बसून ऐकत होते. त्यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीचें वरचें पेर नाहीं. एका वखारींत मेजकरवतीवर तें गेलें, त्याला वीस वर्षें होऊन गेलीं. चौथ्या पानावर गार्ड कां बांधूं नये आणि यंत्र उलटें कां बसवूं नये हें लिहिलें होतें, आणि लांकूड मिटून करवत उसळते कशी याचें एक चित्रहि होतें.

"पुन्हां वाचा," मिस्त्री म्हणाले.

आम्हीं पुन्हां वाचलें. त्यांनीं पुस्तिका हातीं घेऊन त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलें. "हें असंच झालं होतं," ते म्हणाले. "मराठींत छापायला काय झालं होतं यांना?"

दुसऱ्या दिवशीं सकाळीं फळी मापानें कापून भिंतीला टेकून ठेवलेली होती. तिला फट मात्र पाडलेली नव्हती.